टीएसएच वाढलंय म्हणून आयोडीन वाढवायचं का? सैंधव मीठ, केल्पच्या गोळ्या आणि गरोदरपणातला थायरॉइड

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नववा आठवडा चालू आहे, टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला येणारा ‘हार्मोन बनव’ हा निरोप, ग्रंथी कमी पडली की तो वाढतो) ४.८ आलंय, डॉक्टरांनी थायरॉक्सिन २५, म्हणजे थायरॉइड हार्मोनचीच २५ मायक्रोग्रॅमची गोळी, लिहून दिलंय पण बाटलीचं सील अजून फोडलेलं नाही. घरात दीड वर्षापासून फक्त गुलाबी सैंधव मीठ आहे, सासूबाई म्हणतात मीठ बदललं म्हणूनच हे झालं, आणि मिस्टरांनी कुठेतरी वाचून केल्पच्या म्हणजे समुद्री शेवाळाच्या गोळ्या मागवल्यात. तुम्हाला विचारायचंय की आयोडीन वाढवलं तर थायरॉइडची गोळी टाळता येईल का, लघवीतलं आयोडीन तपासावं का, उपासाला सैंधव चालेल का, आणि यात मुलांचा आयक्यू कमी होतो असं वाचल्यामुळे, बाळाच्या मेंदूवर काही परिणाम झाला असेल का.

आधी उत्तर देते, कारणं नंतर. गोळी उद्या सकाळी सुरू करा, मीठ आजच बदला, केल्पचा डबा आला तर उघडू नका आणि लघवीच्या टेस्टवर पैसे घालवू नका. बाळाबद्दल आत्ता घाबरण्यासारखं काही दिसत नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

गोंधळ कुठे होतोय ते सांगते. तुम्ही दोन प्रश्न एकाच पिशवीत घातलेत. एक, स्वयंपाकघरातलं आयोडीन पुरेसं आहे का. दोन, थायरॉइड ग्रंथी आत्ता पुरेसं हार्मोन बनवतेय का. दोन्हींचा संबंध आहे, कारण हार्मोन बनायला आयोडीन लागतंच. पण आज तुमच्यासारख्या बाईचं टीएसएच वाढलेलं दिसलं तर माझ्या डोक्यात पहिलं कारण येतं ते अँटीबॉडीचं, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हळूहळू थायरॉइड कुरतडत असते त्याचं. घरोघरी आयोडीनवालं मीठ पोचल्यापासून हेच जास्त दिसतं. अशा बाईला आयोडीन ओतून काही मिळत नाही, कच्चा माल असून कारखानाच नीट चालत नसेल तर आणखी गोण्या आणून काय होणार. तुमच्यात नेमकं कोणतं कारण आहे ते अँटी-टीपीओ टेस्ट, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी, केली तर बऱ्यापैकी कळेल, आणि ती टेस्ट तुमच्या रिपोर्टात दिसत नाहीये, म्हणून पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना जरूर विचारा. सोबत फ्री टी-४ पण, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन.

दीड वर्ष सैंधव खाल्ल्याने आयोडीन कमी पडलं असेल का? असू शकतं, नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही दूध-दही किती खाता, अंडी-मासे खाता का, बाहेरचं जेवण किती, यावर ते अवलंबून आहे आणि तुम्ही हे काही लिहिलेलं नाही. पण गंमत बघा, कारण आयोडीन असो की अँटीबॉडी, आजचा उपाय तोच राहतो. गोळीने हार्मोन भरून निघायला आजपासूनच सुरुवात होते. मिठाने साठा भरायला काही आठवडे-महिने जातात, आणि पहिले तीन महिने तेवढे थांबत नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल थोडं. बाळाची थायरॉइड दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास आयोडीन खेचायला लागते आणि स्वतःचं हार्मोन बऱ्यापैकी बनवायला सोळा ते वीस आठवडे होतात. तोपर्यंत मेंदूच्या बांधणीला जे टी-४ लागतं ते सगळं आईकडून. त्यात आईच्या शरीरातही उलथापालथ चालू असते, इस्ट्रोजेनमुळे रक्तातली हार्मोन वाहून नेणारी प्रथिनं वाढतात, त्यामुळे एकूण टी-४ साधारण दीडपट लागतं, आणि किडनी आयोडीन जास्त बाहेर टाकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना एरवी मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. निरोगी थायरॉइड हा जादा भार उचलते, आधीच थकलेली असेल तर टीएसएच वर जातं.

इथे एक बारकी गोष्ट, जी लॅबच्या रिपोर्टवर लिहिलेली नसते. आठव्या ते अकराव्या आठवड्यात गरोदरपणाचं हार्मोन, तेच ते जे यूपीटीच्या पट्टीवर दोन रेषा आणतं, ते थायरॉइडलाही डिवचतं, त्यामुळे टीएसएच या काळात खरं तर खाली यायला हवं. खूप उलट्या होणाऱ्या बायकांचं टीएसएच ०.०५ सुद्धा येतं आणि बऱ्याचदा तो आजार नसतो, आपोआप सुधारतं. म्हणजे ज्या आठवड्यात आकडा खाली असायला हवा त्याच आठवड्यात तुमचा ४.८ आहे. रिपोर्टमध्ये शेजारी ‘नॉर्मल ०.४ ते ५.५’ छापलंय, ते गरोदर नसलेल्यांसाठी आहे, त्यावर जाऊन ‘नॉर्मल तर आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

मर्यादा कोणती धरायची यात डॉक्टरांमध्येही एकमत नाही, हे सांगितलेलं बरं. आपल्याकडे २०१४ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तिमाहीत २.५ ही वरची मर्यादा धरली होती. २०१७ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने सांगितलं की स्वतःच्या लोकसंख्येची रेंज नसेल तर ४ च्या आसपास धरा. त्यामुळे टीएसएच ३ आलेल्या दोन बायकांना दोन डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी सांगतील आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, मी स्वतः ३ ला अँटी-टीपीओ बघते, आधी गर्भपात झालेत का, घरात आई-बहिणीला थायरॉइड आहे का ते विचारते आणि मग ठरवते. तुमचा ४.८ मात्र दोन्ही मर्यादांच्या वर आहे. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर गोळी द्यायची यात फारसा वाद नाही, निगेटिव्ह असेल तर द्यायची की नाही यावर चर्चा होऊ शकते, पण पंचवीसच्या एका लहान गोळीने नुकसान नाही आणि फायदा असू शकतो, म्हणून मी पण तुमच्या डॉक्टरांसारखंच केलं असतं.

आता बाळाचा मेंदू. तुम्ही जो ‘आयक्यू ७ पॉइंटने कमी होतो’ असा मजकूर वाचलाय तो बहुतेक १९९९ च्या अमेरिकन अभ्यासावरून आलेला आहे. त्यात गरोदरपणात ज्यांचा हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचा आजार, उपचाराविना राहिला त्यांच्या मुलांचा सात ते नऊ वर्षं वयातला आयक्यू सरासरी ७ ने कमी दिसला होता, पण त्या बायकांची टीएसएच तुमच्यापेक्षा बरीच वर होती. तुमच्यासारख्या सौम्य वाढीवर नंतर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१२ आणि २०१७ मध्ये छापून आल्या, आणि त्यात गोळी दिलेल्या व न दिलेल्या आयांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. यावर लोक असाही आक्षेप घेतात की त्या चाचण्यांत गोळी बरीच उशिरा, पहिली तिमाही संपता संपता किंवा त्यानंतर सुरू झाली होती, आणि तो आक्षेप रास्त आहे. तुमच्या बाबतीत यातून एवढंच घ्यायचं की नवव्या आठवड्यात ४.८ सापडणं म्हणजे काही अनर्थ झालेला नाही, आणि तरी गोळी आणखी दोन आठवडे लांबवण्यातही शहाणपणा नाही.

मिठाकडे येते, कारण घरातलं खरं भांडण तिथे आहे असं दिसतंय.

सैंधव खनिज मीठ आहे, खाणीतून येतं. त्यात आयोडीन जवळपास नसतं. गुलाबी रंग लोखंडाच्या अंशांचा आहे, आणि ‘८४ खनिजं’ वगैरे जे पाकिटावर लिहितात ती इतकी सूक्ष्म असतात की चिमूटभर मिठातून अंगाला काही लागत नाही. खडे मीठ, काळं मीठ यांचंही तेच. लोकांना वाटतं समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच, तर तसं नाही, मिठागरातल्या साध्या मिठातही ते नगण्य असतं. आयोडीन मुद्दाम घालावं लागतं, आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट घालतात. कारखान्यातून निघताना किमान ३० पीपीएम आणि तुमच्या हातात येईपर्यंत किमान १५ पीपीएम असा नियम आहे. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १२० मायक्रोग्रॅम, मीठ ताजं ३० चं असेल तर २४०, वर दूध-दह्यातून थोडं. म्हणजे बरं मीठ असेल तर गरोदर बाई जेमतेम काठावर पोचते, आणि त्याऐवजी सैंधव असेल तर पोचायला जागाच नाही. काही कंपन्या आयोडीन घातलेलं सैंधवही विकतात, पुड्यावर ‘आयोडीनयुक्त’ स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

सासूबाईंना हे पटवायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिठाची टेस्टिंग किट असते, छोटीशी बाटली. चमचाभर मीठ पसरायचं, त्यावर थेंब टाकायचा, आयोडीन असेल तर तिथे निळसर-जांभळा डाग उठतो, जितका गडद तितकं आयोडीन जास्त. मी माझ्या टेबलाच्या खणात एक ठेवते. मागे एक बाई सासूला घेऊन आली होती, दोघींनी कागदाच्या दोन पुड्या आणल्या होत्या, एकीत घरचं गुलाबी आणि एकीत शेजारणीकडचं साधं. साध्यावर जांभळा डाग लगेच आला. गुलाबीवर थेंब पडला, ओला झाला, बस, तेवढंच. सासूबाई चष्मा वर करून बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, “मग हे एवढं महाग का देतात?” त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

तुम्ही उपासाचं विचारलंय. उपासाला सैंधव खाल्लं तर बिघडत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि त्यातलं बहुतेक थायरॉइडमध्ये साठवलेलं असतं, त्यामुळे एकादशी-चतुर्थीने किंवा नवरात्राच्या नऊ दिवसांनी साठा रिकामा होत नाही. रोजच्या भाजी-आमटीत दीड वर्ष तेच मीठ, तिथे प्रश्न येतो. (तसं म्हटलं तर नवव्या आठवड्यात कडक उपास करूच नका, पण त्याचं कारण थायरॉइड नाही.)

मीठ सांभाळायचं कसं, तर झाकणाची बरणी, गॅसपासून लांब, ओला चमचा नाही. उघड्या वाटीत ओट्यावर महिनाभर ठेवलेल्या मिठात आयोडीन हळूहळू कमी होतं. जमलं तर भाजी-आमटी उतरवताना मीठ घाला. आणि कृपा करून आयोडीन वाढावं म्हणून मीठ वाढवू नका. एकूण मीठ आहे तेवढंच राहू दे, फक्त जात बदला. ज्यांचं बीपी वाढलंय आणि ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना वेगळं विचारावं, कारण पाच ग्रॅम मिठातून पुरेसं आयोडीन जात नाही, तिथे कधी कधी गोळीतून आयोडीन द्यावं लागतं, आणि ते किती द्यायचं हे ज्याने त्याने गुगलवर ठरवायचं नाही.

एवढ्यातेवढ्या मिठाचा मी बाऊ करते असं वाटेल, म्हणून सांगते. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून काम करून दाखवलं की नुसत्या आयोडीन घातलेल्या मिठाने गलगंड झपाट्याने कमी होतो. त्या भागात मोठमोठ्या गाठी गळ्यात घेऊन बायका जगत होत्या, आणि आयोडीनच्या तीव्र अभावात मुलं मतिमंद, बहिरी-मुकी जन्मतात हेही तिथेच दिसत होतं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढे २००६ पासून देशभर बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. त्यामुळे आज आपल्या दवाखान्यात असा गलगंड क्वचितच दिसतो. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत मात्र साधारण ७६ टक्के घरांतच मिठात पुरेसं आयोडीन सापडलं, म्हणजे चारातलं एक घर अजून मागे आहे, आणि त्यात आता पैसेवाली, शिकलेली, गुलाबी मीठ खाणारी घरं स्वतःहून सामील होतायत.

केल्पवर थोडं कडक बोलते. शेवाळात आयोडीन किती हे त्या समुद्रावर, त्या मोसमावर ठरतं, एका गोळीत लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. आयोडीन एकदम जास्त झालं की थायरॉइड उलट काम बंद करते, हा तिचा स्वतःचा बचाव आहे. निरोगी मोठ्या माणसात काही दिवसांत ती पुन्हा सुरू होते. अँटीबॉडी असलेल्या बाईत ती बंदच राहू शकते, आणि बाळाच्या थायरॉइडला या बंदीतून बाहेर पडायची क्षमता जवळपास छत्तीस आठवड्यांपर्यंत नसते. म्हणजे बाळाच्या मेंदूसाठी म्हणून घेतलेली गोळी बाळाचीच थायरॉइड झोपवू शकते. गरोदरपणात रोज ५०० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन गेलं तर जादा फायदा नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिस्टरांचा हेतू चांगला आहे हो, त्यांना रागावू नका, त्यांना सकाळी गोळीचा अलार्म लावायचं काम द्या. जखमेवर वारंवार लावायचं पोव्हिडोन आयोडीनचं लालसर औषध, त्याने गुळण्या, हेही या काळात विचारून वापरा.

तुम्ही घेताय त्या गरोदरपणाच्या मल्टिव्हिटॅमिनचं लेबल बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत आयोडीन नसतं, काहींत १५० मायक्रोग्रॅम असतं. असेल तर असू दे, त्याने त्रास नाही, पण त्यावर आणखी काही चढवू नका. थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईला वेगळी आयोडीनची गोळी सुरू करायची गरज नाही असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या त्याच मार्गदर्शक सूचना म्हणतात. पण मीठ आयोडीनवालंच हवं, कारण दुसऱ्या तिमाहीत बाळ स्वतःचं हार्मोन बनवायला लागलं की त्याला आयोडीन तुमच्याच ताटातून जाणार, पंचवीसच्या गोळीतून फार काही जात नाही.

लघवीतल्या आयोडीनची टेस्ट मी का नको म्हणाले, तर ती टेस्ट गावाची, जिल्ह्याची तब्येत बघायला आहे. शंभर-दोनशे गरोदर बायकांचे नमुने घेतले आणि त्यांचा मध्य १५० ते २४९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आला तर त्या भागात आयोडीन ठीक आहे असं म्हणतात. एकट्या बाईचा आकडा काल काय खाल्लं, किती पाणी प्यायलं यावर सकाळ-संध्याकाळ हलतो. एका नमुन्यावरून तुमचं निदान करणारी लॅब असेल तर ती फक्त बिल करतेय.

आता गोळी घ्यायची कशी, कारण खरी गडबड इथेच होते. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही. चहा-बिस्किट पोटात गेल्यावर आठवलं म्हणून घेतली तर ती अर्धवटच लागू होते. मळमळ असेल आणि सकाळी उलटीच होत असेल तर रात्री झोपताना, जेवून तीन तास झाल्यावर घेतली तरी चालते, पण एकच वेळ ठरवा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवा. माझ्याकडे एका पेशंटचं टीएसएच डोस दोनदा वाढवूनही हलेना, शेवटी पर्समधून गोळ्यांची डबी काढायला लावली तर सकाळच्या खणात तिन्ही गोळ्या एकत्र, थायरॉक्सिन, आयर्न, कॅल्शियम, एका घोटात. आयर्न दुपारी आणि कॅल्शियम रात्री केल्यावर त्याच डोसवर पुढचा रिपोर्ट सरळ आला. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन दिवस बंद करा, काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं. कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, बाजरीची भाकरी बंद करायची गरज नाही, शिजवून बेताने खाल्लं आणि मिठात आयोडीन असलं की प्रश्न येत नाही. सोयाचा ग्लास फक्त गोळीच्या वेळेला नको.

टीएसएच चार आठवड्यांनी परत करा, वीस आठवड्यांपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी, मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. गोळी चालू असताना आपल्याला ते २.५ च्या खाली हवं. डोस वाढला तर आजार वाढला असं समजू नका, गरोदरपणात लागणारं हार्मोनच वाढत जातं. ज्या बायका हे वाचतायत आणि आधीपासून थायरॉक्सिनवर आहेत त्यांनी पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, महिन्याच्या व्हिजिटची वाट बघू नये, कारण त्यांचा डोस पाव ते एक-तृतीयांश लगेच वाढवावा लागतो, बहुतेक वेळा आठवड्याला दोन गोळ्या जास्त.

बाळंतपणानंतर तुमच्या डोसची गोळी बऱ्याचदा बंद करता येते आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघायचं. अंगावर पाजताना गोळी चालते. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह निघालं तर पहिल्या वर्षात थायरॉइड पुन्हा वरखाली होऊ शकते, आणि तेव्हाची धडधड, थकवा, रडू येणं हे सगळं ‘बाळामुळे झोप नाही ना’ म्हणून खपून जातं, तेव्हा एकदा रक्त तपासा. बाळाची टाचेतून रक्त घेऊन होणारी थायरॉइडची तपासणी डिस्चार्जच्या आधी झाली का ते मात्र तोंडाने विचारा, आपल्याकडे साधारण हजारात एका बाळाला जन्मतः थायरॉइड कमी असतं, आणि सगळ्या हॉस्पिटलांत ही तपासणी आपणहून करतातच असं नाही. आईला थायरॉइड असो-नसो, प्रत्येक बाळाची व्हायला हवी.

अँटी-टीपीओ आणि फ्री टी-४ चे रिपोर्ट आले की इथेच लिहा, फक्त आकड्याबरोबर लॅबची रेंज आणि त्या दिवशी कितवा आठवडा होता तेही लिहा, त्याशिवाय आकडा वाचता येत नाही.